बंद घड्याळ भंगारात देण्याआधी



आजचा आपला विषय आहे चावीचं घड्याळ. भिंतीवरचं, लंबकाचं, तासाला टोले देणारं. तुम्ही म्हणाल, बचत गटाच्या कार्यक्रमात हे घड्याळ मध्येच कुठून आलं? त्याला कारण आहे.

आपली मांजरी २०२१ साली पुणे महापालिकेत गेली. त्याच्या आधीपासूनच गावातली जुनी घरं उतरवून इमारती उभ्या राहतायत. घर उतरवताना तुळ्या विकल्या जातात, तांब्या-पितळेची भांडी वाटून घेतली जातात, आणि भिंतीवरचं बंद पडलेलं घड्याळ भंगारवाल्याच्या गाडीवर जातं. तेही पितळेच्या वजनावर. आम्ही गटांच्या बैठकांना घरोघरी जातो तेव्हा बायकाच सांगतात, "सासऱ्यांचं घड्याळ होतं, बंदच होतं, देऊन टाकलं." आम्ही विचारतो, बंद म्हणजे नक्की काय झालं होतं? ते कुणालाच सांगता येत नाही.

आज आपल्याला समजून घ्यायचंय ते एवढंच, की बंद पडलेलं चावीचं घड्याळ बहुतेक वेळा मोडलेलं नसतं. ते मळलेलं असतं, त्याचं तेल वाळलेलं असतं, किंवा ते भिंतीवर वाकडं टांगलेलं असतं. त्याचं काम उघड्या डोळ्यांना दिसतं आणि दिसतं ते शिकता येतं.

आधी थोडं जुनं बघू. घड्याळ हा शब्द घटिकेवरून आलाय. घटिका म्हणजे घटका, चोवीस मिनिटं. दिवस-रात्र मिळून साठ घटका. ती मोजायला तांब्याची एक लहान वाटी असायची, तिच्या बुडाला बारीक भोक. पाण्याने भरलेल्या घंगाळात ती वाटी सोडायची. भोकातून हळूहळू पाणी आत येतं, वाटी भरते आणि बुडते. बुडाली की एक घटका झाली. आपल्याकडे लग्नाचा मुहूर्त असाच घटिकापात्रावर बघत. "घटका भरली" असं आपण अजूनही म्हणतो, ते या वाटीवरूनच.

त्यात दातेरी चाकं नव्हती, चावी नव्हती. युक्ती मात्र तीच होती जी पुढच्या प्रत्येक घड्याळात आहे. एखादी गोष्ट सारख्या वेळात पुन्हापुन्हा घडवायची आणि ती मोजायची. वाटी बुडणं मोजा, नाहीतर लंबकाचे झोके मोजा.

युरोपात चाकांची घड्याळं आधीपासून होती, पण ती दिवसाकाठी बरीच मागेपुढे होत. १६५६ साली ख्रिस्तियान हायगेन्स या डच शास्त्रज्ञाने घड्याळाला लंबक जोडला आणि घड्याळ मिनिटांच्या हिशोबाने बरोबर चालू लागलं. पुढे दोनशे वर्षांत ते आपल्याकडे आलं ते आधी मनोऱ्यांवर. पुण्यात लष्कर भागात मोलेदिना रस्त्यावर ज्यू लोकांचं लाल देऊळ आहे. १८६७ साली बांधून झालेलं. त्याच्या उंच मनोऱ्यावर घड्याळ आहे, ते लंडनहून आणवलेलं. मुंबईला विद्यापीठाच्या आवारात राजाबाई टॉवर आहे. १८६९ ला पाया घातला, १८७८ ला पूर्ण झाला, उंची २८० फूट. प्रेमचंद रायचंद या व्यापाऱ्यांनी पैसे दिले आणि आईचं नाव द्यायची अट घातली. राजाबाई ही त्यांची आई. असं सांगतात की तिला दिसत नव्हतं, आणि जैन धर्माप्रमाणे ती दिवस मावळायच्या आत जेवायची. टोले ऐकून तिला कुणाला न विचारता वेळ कळावी म्हणून हे घड्याळ. ही कथा खरी धरा किंवा धरू नका, पण बाईला वेळ विचारण्यासाठी दुसऱ्याच्या तोंडाकडे बघावं लागू नये, ही गोष्ट आपल्याला पटण्यासारखी आहे.

तेव्हा गावागावाची वेळही वेगळी असायची, कारण सूर्य सगळीकडे एकाच क्षणी डोक्यावर येत नाही. १८५८ साली रेल्वे पुण्यापर्यंत आली, १८६० पर्यंत आपल्या मांजरीवरून पुढे सोलापूरला गेली. गाडीला मात्र सगळ्या स्टेशनांवर एकच वेळ लागते. शेवटी १ जानेवारी १९०६ पासून सगळ्या देशाची एक वेळ ठरली. मुंबईची स्वतःची वेळ तिच्यापेक्षा ३९ मिनिटं मागे होती. घड्याळ पुढे केलं म्हणजे गिरणीत ३९ मिनिटं आधी हजर व्हायचं, म्हणून गिरणी कामगारही चिडले. मुंबई शहराने आपली जुनी वेळ १९५५ पर्यंत सोडली नाही. म्हणजे आपल्यातल्या कुणाकुणाच्या सासूबाईंच्या लहानपणी मुंबईत दोन-दोन वेळा चालत होत्या. घड्याळ कुणाच्या सोयीने लावायचं, हा प्रश्न तेव्हाही होता आणि आज आपल्या घरातही असतो.

घराघरांतल्या भिंतींवर जी जुनी घड्याळं आली ती बरीचशी परदेशी. अमेरिकेच्या अन्सोनिया आणि सेथ थॉमस, जर्मनीच्या युंगहान्स अशा कंपन्यांची. त्यातल्या अन्सोनियाचा कारखाना तर पुढे बंद पडला आणि १९३० च्या सुमारास त्याची यंत्रं रशियाला विकली गेली. कारखाना गेला, तरी त्याची घड्याळं दुरुस्त होऊन अजून चालतात. नाव बघायचं असेल तर तबकडीवर बघा, नाहीतर आतल्या पितळी पत्र्यावर कोरलेलं असतं. तबकडीला चावीची भोकं असतील तर ते खरं चावीचं घड्याळ. एक भोक असेल तर नुसतं वेळेचं, दोन असतील तर एक वेळेचं आणि एक टोल्यांचं. बॅटरीच्या घड्याळालाही कधी लंबक लावलेला असतो, पण तो शोभेचा. तो काढून ठेवला तरी वेळ चालूच राहते.

आता घड्याळाच्या पोटात काय आहे ते बघू. आपल्या गटाच्या हिशोबानेच सांगतो.

आत एक लांब पोलादी पट्टी गुंडाळलेली असते, ती स्प्रिंग. चावी दिली की ती घट्ट आवळली जाते. ही झाली आपली बचत. आपल्या हाताची ताकद तिच्यात जमा झाली. पण जमा झालेली सगळी रक्कम एका दिवसात वाटली तर गट बुडतो. तसंच स्प्रिंग मोकळी सोडली तर ती घर्रकन उलगडेल आणि काटे गरागरा फिरून थांबतील. म्हणून स्प्रिंगची ताकद एकापुढे एक लावलेल्या दातेरी चाकांतून नेतात. पहिलं चाक अगदी सावकाश फिरतं, शेवटचं भराभर. शेवटच्या चाकावर पोलादाचा एक दोन टोकांचा वाकडा तुकडा बसलेला असतो. लंबक एका बाजूला गेला की तो तुकडा चाकाचा एक दात सोडतो आणि लगेच दुसऱ्या टोकाने पुढचा दात अडवतो. सोडलं, अडवलं. सोडलं, अडवलं. हाच आपल्याला ऐकू येणारा टिक-टॉक आवाज. चाकाचा दात सुटताना लंबकाला एक हलकासा धक्काही देतो, म्हणून लंबक थांबत नाही. थोडं थोडं सोडायचं आणि नियमाने सोडायचं, एवढ्यावर आठवड्यातून एकदा दिलेली चावी आठ दिवस पुरते.

लंबकाचं एक गुपित आहे. त्याचा झोका किती वेळात पूर्ण होईल हे त्याच्या वजनावर ठरत नाही, लांबीवर ठरतं. सुमारे २५ सेंटीमीटरचा लंबक अर्ध्या सेकंदात एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जातो. सुमारे ९९ सेंटीमीटरचा असेल तर त्याला पूर्ण सेकंद लागतो. अर्ध्या सेकंदाच्या हिशोबाने एका दिवसात १,७२,८०० वेळा टिक वाजतं. घरातल्या भिंतीवर एवढं काम करणारं दुसरं कोणी असेल तर ती घरची बाईच.

घड्याळ मागे पडत असेल तर लंबकाच्या खालची चकती थोडी वर चढवायची. पुढे जात असेल तर खाली उतरवायची. चकतीच्या खाली एक छोटा नट असतो, तो फिरवला की चकती हलते. पण जपून हं. २५ सेंटीमीटरच्या लंबकात एका मिलिमीटरचा फरक केला तर घड्याळ दिवसाला जवळजवळ तीन मिनिटं मागेपुढे होतं. म्हणून नट अर्धा फेरा फिरवायचा, एक दिवस थांबायचं, मोबाइलशी वेळ ताडून बघायची आणि मग पुढचा अर्धा फेरा. लंडनच्या बिग बेन घड्याळाला तर लंबकावर जुनी पेनी, म्हणजे तिथलं एक नाणं, ठेवून वेळ सुधारतात. एक नाणं ठेवलं की घड्याळ दिवसाला ०.४ सेकंद पुढे जातं.

उन्हाळ्यात जुनं घड्याळ मागे पडतं अशी तक्रार असते. तो बिघाड नाही. उन्हाने धातू वाढतो, लंबक लांब होतो, झोका सावकाश होतो. पोलादी दांडी असेल तर दहा अंश गरमीला दिवसाला सुमारे पाच सेकंद, पितळी असेल तर सुमारे आठ. महिन्याला दोन-चार मिनिटं मागे पडलं तर चालायचंच.

आता बंद घड्याळ घरी असेल तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी काय काय बघायचं?

पहिलं, ते सरळ टांगलंय का? दिवाळीच्या रंगसफेदीत घड्याळ उतरवतात, पुन्हा टांगताना ते जरासं वाकडं होतं, आणि दोन दिवसांत बंद. लंबक हलवून कान द्या. टिक आणि टॉक यांच्यामधलं अंतर सारखं आलं पाहिजे. लंगड्या माणसाच्या चालीसारखं टिक-टॉक... टिक-टॉक... असं आलं तर घड्याळाचं खालचं टोक किंचित डावीकडे, किंचित उजवीकडे सरकवा. आवाज सारखा झाला की भिंतीवर पेन्सिलीने खूण करा. कितीतरी घड्याळं एवढ्यावरच चालू होतात.

दुसरं, काटे एकमेकांना किंवा काचेला घासतात का? तिसरं, लंबक मागच्या फळीला लागतो का? चौथं, चावी पूर्ण दिलीय का? चावी दर आठवड्याला ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी, एकाच हाताने द्यावी. आपल्या बैठकीचा वार ठरलेला असतो तसा.

काय करायचं नाही हेही ऐका. त्यात खोबरेल तेल घालू नका. थंडीत बाटलीतलं खोबरेल कसं गोठतं ते आपण सगळ्याजणी बघतो, ते घड्याळातही गोठतं आणि धूळ धरून ठेवतं. शिलाई मशीनचं तेलही नको, ते पसरतं आणि वाळून चिकट होतं. घड्याळाचं तेल वेगळं मिळतं, आणि तेही सुईच्या टोकावर येईल एवढंच, चाकाचा दांडा जिथे भोकात फिरतो तिथे लावायचं. दातांना तेल लावायचं नाही. मिनिटकाटा उलटा फिरवू नका. पुढेच फिरवा, आणि टोल्याचं घड्याळ असेल तर प्रत्येक टोला पूर्ण वाजू द्या. बारा तासांत एक ते बारा असे ७८ टोले पडतात. मधला हिशोब चुकवला तर घड्याळ चार वाजता सात टोले देतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, मागचे पत्रे स्वतः उघडू नका. आवळलेली स्प्रिंग एकदम सुटली तर बोटं फाटतात. घड्याळजी आधी चावी हातात धरून स्प्रिंगची सगळी ताकद हळूहळू उतरवतो आणि मगच स्क्रूला हात लावतो. दुसरा धोका जुन्या गजराच्या घड्याळांचा. अंधारात चमकणाऱ्या जुन्या तबकड्यांवर रेडियमचा रंग असू शकतो. चमक गेली तरी रेडियम राहतं, ते सोळाशे वर्षांत जेमतेम निम्मं होतं. असा रंग खरवडू नका, फुंकू नका, मुलांच्या हातात देऊ नका.

घड्याळजी काय करतो? घड्याळ पूर्ण सुटं करतो, भाग धुतो, दांड्यांची टोकं घासून चकचकीत करतो, टोकदार काडीने एकेक भोक साफ करतो. भोक झिजून मोठं झालं असेल तर तिथे नवं पितळी बुश बसवतो. मग सगळं होतं तसं जोडतो आणि आठवडाभर टांगून वेळ बघतो. दुरुस्तीत नवीन सुटे भाग फारसे लागत नाहीत. लागतात ते डोळ्याला लावायचं भिंग, चिमटा, बारीक स्क्रू-ड्रायव्हर, स्वच्छ ब्रश आणि भरपूर धीर. ज्या बाईला शिलाई मशीनचं बॉबिन आणि दोऱ्याचा ताण समजतो, जी मंगळसूत्राचे बारीक मणी ओवते, तिला हे काम अवघड नाही.

खरं तर घड्याळाच्या कामात बायकांचे हात पहिल्यापासून आहेत. इंग्लंडच्या ख्राइस्टचर्च गावात घड्याळात लागणाऱ्या केसासारख्या बारीक साखळ्या बायका आणि मुली बनवायच्या, आणि त्यापायी डोळे अधू करून घ्यायच्या. अमेरिकेत १९१७ नंतर मुली तबकड्यांवर रेडियमचा रंग लावायच्या. ब्रशला टोक यावं म्हणून तो ओठांत धरायला त्यांना शिकवलेलं होतं. त्यांचे जबडे सडले, कितीतरी जणी गेल्या. पाच जणी कोर्टात गेल्या आणि १९२८ साली कंपनीला भरपाई द्यावी लागली. आपल्या देशात १९६१ साली बंगळुरूला एचएमटीचा घड्याळांचा कारखाना जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने सुरू झाला. तिथेही जुळणीच्या टेबलावर बायका होत्या. पुढे १९६९ साली जपानच्या सेइको कंपनीने क्वार्ट्झचं मनगटी घड्याळ आणलं. आजच्या क्वार्ट्झच्या घड्याळांत लंबकाऐवजी एक स्फटिक असतो, तो बहुधा सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. स्वस्त, अचूक, चावीची कटकट नाही. गुजरातच्या मोरबीत अशा बॅटरीच्या घड्याळांचे कारखाने निघाले, तिथेही हजारो बायका कामाला लागल्या. एचएमटीची घड्याळं मात्र २०१६ साली बंद करायचा निर्णय सरकारने घेतला.

या सगळ्यांत बारीक काम बाईने केलं, पण दुकान तिचं नव्हतं. एक वेगळं उदाहरण तमिळनाडूत होसूरला आहे. तिथे टायटनचा कारखाना आहे. मायराडा या संस्थेच्या मदतीने आसपासच्या बचत गटांतल्या बायकांनी 'मीडो' नावाची स्वतःची कंपनी काढली आणि टायटनकडून घड्याळांच्या पट्ट्यांसारखी कामं घेतली. मालकीणही त्याच, कामकरीणही त्याच.

आम्ही असं म्हणत नाही की प्रत्येक गटाने घड्याळाचं दुकान टाकावं. नुसत्या चावीच्या घड्याळांवर आज कुणाचं घर चालणार नाही, हे स्पष्ट सांगितलं पाहिजे. पण हातातल्या घड्याळाचे सेल बदलणं, पट्टे बसवणं, भिंतीवरच्या घड्याळाचं तयार मशीन बदलणं ही कामं रोजची आहेत, शिकायला सोपी आहेत आणि मांजरी-हडपसरसारख्या वाढत्या वस्तीत गिऱ्हाईक दारात आहे. त्याला जोडून चावीच्या घड्याळाची दुरुस्ती शिकलं तर ते काम करणारे फार थोडे उरलेत, हाच आपला फायदा. हत्यारं एका पिशवीत मावतात. त्यापुरतं कर्ज गटाच्या अंतर्गत व्यवहारातूनही देता येईल.

शिकवणारे मात्र म्हातारे झालेत. पेठांमध्ये कोपऱ्यावर काचेची छोटी पेटी घेऊन बसणारे घड्याळजी अजून आहेत, पण पुष्कळांची मुलं या धंद्यात आलेली नाहीत. त्यांचा हात थांबला की ती विद्याही थांबेल. आपल्या गटातल्या दोघीजणींनी त्यांच्याकडे जाऊन "काका, आम्हाला शिकवाल का?" एवढं विचारायला काय हरकत आहे? आणि शिकताना प्रत्येक भाग काढायच्या आधी मोबाइलवर फोटो काढा, काढलेले स्क्रू ताटात ओळीने ठेवा. जोडताना तेच कामाला येतं.

ज्यांच्या घरी घड्याळ आहे त्यांनी निदान एवढं करा. घर उतरवताना ते लंबक काढून, वेगळं गुंडाळून बाजूला ठेवा. लंबक अडकवलेलाच ठेवून नेलं तर आतली पातळ पट्टी मुरगळते. चावी घड्याळाच्या पेटीतच दोऱ्याने बांधून ठेवा. विकायचंच असेल तर आधी एखाद्या घड्याळजीला दाखवा, नाव वाचून घ्या, आणि वजनावर देऊ नका. मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी एक चक्कर मारली तरी कळेल की आपण पितळेच्या भावाने दिलेलं घड्याळ पुढे घड्याळाच्या भावाने विकलं जातं.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने आपल्या घरात, माहेरी आणि शेजारी चावीची घड्याळं किती आहेत, त्यातली चालू किती आणि बंद किती, हे वहीत लिहून आणा. यादी झाली की शिकायला कोण तयार आहे ते ठरवू.